एमेटच्या नावाने गेलेलं पत्र

एक ऑगस्टला रोलंड प्रुस्काने कामावरून सुट्टी घेतली. घरोघरी गॅस पोचवणाऱ्या ट्रकवाल्याला इंडियानाच्या उन्हाळ्यात तसंही फारसं काम नसतं. घर तापवायची आठवण लोकांना होते ती ऑक्टोबरात. पण सुट्टीचं कारण वेगळं होतं. अकरावीत जाणाऱ्या पोरांना कॉलेजांचे बेसबॉल कोच त्या दिवसापासून फोन करू शकत होते. त्याआधी नाही, असा कडक नियम. पोरांनी हवी तितकी पत्रं पाठवावीत, कोचनी ती वाचावीत, पण 'पोचलं' एवढंही उलट कळवायचं नाही. रोलंडने जानेवारीत त्रेचाळीस कोचना पत्रं पाठवली होती आणि सात महिने भिंतीशी बोलल्यासारखं काढले होते.

पत्रं ईमेलने गेली होती, एमेटच्या नावाने. एमेट हा त्याचा एकुलता मुलगा, सोळा वर्षांचा, डावखुरा पिचर. अंगाने किडकिडीत, पण हातातून चेंडू सुटला की समोरचा बॅट घेऊन नुसता बघत राही. "तुझे व्हिडिओ पाठवतोय रे कोच लोकांना," एवढंच रोलंड त्याला म्हणाला होता. "पाठव," म्हणून पोरगं आपल्या कामाला लागलं होतं. व्हिडिओसोबत काय लिहिलंय ते त्याने विचारलं नाही, आणि रोलंडनेही सांगितलं नाही.

दहाच्या सुमारास नॅडीन पीचचा केक घेऊन आली. ती एमेटची मावशी. एमेटची आई लोरेन गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कॅन्सरने गेली, तेव्हापासून तिची ही थोरली बहीण आठवड्यातून एकदा काहीतरी करून आणायची, टेबलावर ठेवायची आणि थोडं बसून जायची. एमेटशी ती बेताचंच बोलायची. रोलंडला ते दिसत होतं, आणि त्याचं कारणही त्याला ठाऊक होतं.

"आला का तुमच्या राजपुत्राला फोन?" तिने विचारलं.

"येईल, येईल."

"नाही आला तर केक मी परत घेऊन जाणार हं."

एमेट हसला. साडेदहाला फोन वाजला. अनोळखी नंबर, केंटकीचा. रोलंड खुर्चीतून अर्धवट उठला आणि हातांनीच खुणा करायला लागला, सगळ्यांना ऐकू येईल असा लाव, टेबलावर ठेव.

"एमेट प्रुस्का का? मी हॉलिस बोलतोय, मॅरो कॉलेजचा कोच. झोपला होतास की काय?"

"नाही सर. जागाच होतो."

"बरं झालं. सकाळपासून आठ पोरांना उठवलंय मी. हे बघ, तुझे व्हिडिओ पाहिले. हात चांगला आहे तुझा, अंग भरलं की वेगही वाढेल. पण खरं सांगू का? चांगला हात असलेली पोरं माझ्याकडे ढिगाने येतात. तुझं पत्र मात्र मी खोलीत भिंतीवर लावून ठेवलंय. बायकोलाही वाचून दाखवलं मी."

एमेटने बापाकडे पाहिलं. "कुठलं पत्र, सर?"

कोच हसला. "लाजतोस काय? थांब, समोरच आहे." आणि त्याने जड आवाजात, शब्द न् शब्द वाचायला सुरुवात केली. "'आई हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होती. बाबा म्हणाले, थांब, आज नको जाऊस. पण आईने मला हाती घेतलेलं काम अर्धवट सोडायला कधी शिकवलं नव्हतं. मीच ठरवलं आणि मैदानावर गेलो. पाचव्या डावात ती गेली. मला आतून कळलं होतं, तरी मी सातही डाव पुरे केले.' पोरा, माझ्या अंगावर काटा आला."

रोलंडचा हात फोनकडे गेला. त्याच्याआधी एमेटचा हात फोनवर पडला होता. पोराचा चेहरा पांढराफटक झाला होता, पण आवाज स्थिर होता.

"सर, हे मी लिहिलेलं नाही."

पलीकडे खुर्ची करकरली.

"आणि हे खरंही नाही. मला जायचं नव्हतं."

"मग कोणी लिहिलं?" कोचने विचारलं.

एमेट टेबलाकडे बघत राहिला. बापाला वेळ देत होता तो. रोलंडला त्याच क्षणी ते समजलं. एक शब्द पुरे होता. 'मी' म्हटलं की झालं. पण तो रोलंडने म्हटला नाही. पोराने वाट पाहिली, मग हळूच म्हणाला, "मला माहीत नाही, सर."

बापाची अब्रू सोळा वर्षांच्या पोराने झाकली, आणि बापाने ती झाकू दिली.

"जवळ कोणी मोठं माणूस आहे का?" कोचचा आवाज बदलला होता.

शेवटी नॅडीनच पुढे वाकली. "मी मावशी त्याची. आम्ही नंतर फोन करतो तुम्हाला," म्हणाली आणि तिने फोन बंद केला. मग तिने एमेटकडे रोखून पाहिलं. "मला जायचं नव्हतं म्हणजे काय रे?"

"बाबाला विचार," म्हणून एमेट उठला आणि मागच्या दाराने अंगणात गेला.

रोलंडला आता पळायला वाट नव्हती. मान खाली घालून त्याने सांगितलं. त्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एमेट खेळाचे कपडे घालून उभा होता. 'मी थांबतो,' म्हणाला. एकदा नाही, तीनदा म्हणाला. पण समोरच्या संघातल्या एका बारावीच्या पोराला बघायला कॉलेजचा कोच येणार होता, आणि आपलंही पोर त्याच्या नजरेत भरेल असं रोलंडच्या डोक्याने घेतलं होतं. किती वेळ आहे ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. रोलंडने त्याचा अर्थ दोन-तीन दिवस असा लावला. 'आईला काय आवडेल याचा विचार कर,' असं म्हणून त्याने पोराला स्वतः गाडीत घालून मैदानावर सोडलं. पावणेसहाला लोरेन गेली. कोच तर आलाच नव्हता.

"मग सगळे म्हणायला लागले, केवढी छाती या पोराची," रोलंड म्हणाला. "मला कोणीतरी विचारलं, तूच पाठवलंस का? मी म्हटलं, नाही, त्यानेच ठरवलं. बोलून गेलो. मग ते तसंच राहिलं."

"राहिलं?" नॅडीनने त्याचाच शब्द उचलला. "लोरेनच्या अंत्यविधीला चर्चमध्ये माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता तो. मी त्याला जवळ घेतलं नाही, रोलंड. माझी बहीण श्वास मोजतेय आणि हा चेंडू फेकतोय, हेच डोक्यात होतं माझ्या. सोळा महिने या घरात येतेय मी, केक ठेवते आणि जाते. तू रोज बघत होतास ना?"

"हो."

"आणि एकदाही वाटलं नाही तुला, या बाईला सांगावं?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं ना, तसं रोलंडला वाटत होतं. पण जमीन कोणाला अशी घेत नाही. नॅडीन खुर्ची सरकवून उठली, अंगणात गेली. खिडकीतून त्याला दोघं दिसत होते. ती काहीतरी बोलली. एमेटने खांदे उडवले. मग तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून आपल्या खांद्यावर टेकवलं, आणि तो वाकला. तिच्यापेक्षा वीतभर उंच झाला होता तो. रोलंड खिडकीपासून बाजूला झाला. ते बघायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटलं.

नॅडीन गेल्यावर तो बाहेर गेला. एमेट कुंपणाशी गवतात बसला होता.

"चुकलो मी," रोलंड म्हणाला.

"'बाबा म्हणाले, थांब,'" एमेट म्हणाला. "असं लिहिलंस तू."

"हो."

"लिहिताना काही वाटलं नाही?"

आता खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता. "वाटलं," रोलंड म्हणाला. "खरंच तसं म्हणालो असतो तर किती बरं झालं असतं, असं वाटलं. दोन-चारदा वाचलं तेव्हा मलाच ते खरं वाटायला लागलं."

एमेटने गवताची एक काडी उपटली. "किती जणांना पाठवलंस?"

"त्रेचाळीस."

"त्रेचाळीस जणांना आई मेल्याचं सांगितलंस तू. मी अजून एकालाही सांगितलेलं नाही. शाळेत सुद्धा. कोणी विषय काढला तर मी उठून जातो."

रोलंड घरात परत आला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने लिहायला घेतलं. एकच मजकूर सगळ्यांना एका फटक्यात पाठवता आला असता, पण तसं करणं त्याला पळवाट वाटली. त्रेचाळीसही पत्रं त्याने वेगवेगळी, स्वतःच्या नावाने लिहिली. 'जानेवारीत माझ्या मुलाच्या नावाने तुम्हाला आलेलं पत्र मी लिहिलं होतं. त्याला त्याची कल्पना नव्हती. त्यातली आईची हकिकत खोटी आहे. त्याला आईजवळ थांबायचं होतं, मी त्याला खेळायला पाठवलं.' पहिल्या दिवशी सहाच झाली. प्रत्येक वेळी शेवटच्या वाक्यापाशी त्याचा हात अडायचा. 'कृपया माझ्या मुलाचा विचार करावा' असं एक वाक्य त्याने सुरुवातीला खाली घातलं होतं, मग खोडलं. चार दिवस लागले. पाठवण्याआधी त्याने एक पत्र एमेटला दाखवलं. एमेटने वाचलं, 'माझ्या मुलाच्या' या शब्दांच्या जागी 'एमेटच्या' असं करायला सांगितलं आणि निघून गेला.

उत्तरं पाच आली. तीन कोरडी, आभार मानणारी. टेक्सासच्या एकाने लिहिलं, 'आमच्याकडे वेळ कमी आहे.' आणि हॉलिसने फोन केला, रोलंडला.

"तुमचं पत्र मिळालं," तो म्हणाला. "माणूस म्हणून मला समजतं हो. पण मी पोरांना निवडतो. आणि तुमच्या पोराशी मी बोललोय की तुमच्याशी, हेच मला आता कळत नाही."

"त्या दिवशी फोनवर तोच होता," रोलंड म्हणाला. "मीही तिथेच होतो. बोललो नाही."

"अंदाज होता मला," हॉलिस म्हणाला. "आम्ही आता दुसरा डावखुरा घेतलाय. पोराला म्हणावं, तुझ्यावर राग नाही."

रोलंडने तो निरोप जसाच्या तसा सांगितला. "ठीक आहे," एमेट म्हणाला. रडला नाही, रागावलाही नाही, आणि रोलंडला तेच जास्त लागलं.

सप्टेंबरात एमेटने स्वतःचा नवा ईमेल पत्ता उघडला. कुठे काय लिहितो ते त्याने बापाला सांगितलं नाही, आणि रोलंडने विचारलं नाही; जेवताना तोंडाशी आलेला प्रश्न तो बटाट्याबरोबर गिळायचा. ऑक्टोबरात कळलं, तेही नॅडीनकडून, की ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजच्या कोचने त्याला मैदान बघायला बोलावलंय. तीनशे मैल लांब. लहान कॉलेज, तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीही देत नाहीत.

"मी सोडू का तुला?" रोलंडने विचारलं.

"मावशी सोडतेय."

"बरं."

शनिवारी पहाटे ते निघाले. रोलंडने दोघांसाठी सँडविच करून पिशवीत भरून दिली होती. ती एमेटने घेतली, एवढंच. दिवसभर रोलंड ट्रकवर होता. थंडी पडायला लागली होती, फोन वाजत होते, आणि एका घरच्या गॅसच्या टाकीपाशी तर नळी लावायची सोडून तो नुसताच उभा राहिला, तेव्हा घरमालकिणीला बाहेर येऊन "काही बिघडलंय का?" असं विचारावं लागलं.

संध्याकाळी एमेट परत आला. नॅडीन आत आली नाही, गाडीतूनच हात केला. रोलंड भांडी धूत होता. एमेटने फ्रिज उघडला, दुधाचा ग्लास भरला आणि टेबलाशी बसला. रोलंडने मागे वळून पाहिलं नाही. तोंडातून काही निघेल याची त्याला भीती वाटत होती.

"मैदान बरं आहे," एमेट आपणहून म्हणाला. "कोच म्हातारा आहे. मला वीस-पंचवीस चेंडू टाकायला लावले, मग म्हणाला, चल, कॉफी घेऊ."

"हं."

"घरी कोण कोण असतं, विचारलं त्याने. मी आईबद्दल सांगितलं."

रोलंडच्या हातातली ताटली पाण्यातच राहिली. "काय सांगितलंस?"

एमेटने दूध संपवलं. ग्लास आणून बापाच्या कोपराशी ठेवला.

"ते मी नाही सांगणार तुला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"बरं," रोलंड म्हणाला. त्याने ग्लास घेतला आणि धुवायला लागला. एमेट जिना चढून वर गेला, त्याच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि ग्लास केव्हाच स्वच्छ झाला होता तरी रोलंड तो धूतच राहिला.