डाव्या वळणावर उचलणारं चाक

निडी गावच्या सखाने आपल्या मोटारसायकलला तिसरं चाक लावून घेतलं, तेव्हा गावाला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. गावातल्या पोपटने तर देवळाच्या ओट्यावर बसून जाहीर करून टाकलं, की सखा पुढच्या वर्षी चौथं चाक लावणार आणि त्याच्या पुढच्या वर्षी पंख. सखाने ते हसण्यावारी नेलं. टेंपो घ्यायची त्याची ऐपत नव्हती, आणि त्याच्या बायकोने, अनिताने, पेणच्या बाजारात बसायला जागा धरली होती. घरचा कोलम तांदूळ, कडवे वाल, पावसाळ्यात शेताच्या बांधावरची भाजी, एवढं सगळं मागच्या सीटवर बांधून नेणं जमत नव्हतं.

चाक लावलं रोह्याशेजारच्या अष्टमी गावच्या लतीफने. कुंडलिका नदीच्या पुलाशी त्याचं वेल्डिंगचं दुकान. अकरा वर्षं कुवेतला लोखंड जोडून आलेला हा माणूस सखाचा शाळेपासूनचा दोस्त, आणि आपल्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपत नसे. त्याने मोटारसायकलच्या डाव्या अंगाला पाइपांचा सांगाडा जोडला, त्यावर पत्र्याचा हौदा बसवला आणि हौद्याखाली जुन्या स्कूटरचं चाक दिलं. मग सखाला समोर उभं करून त्याने मास्तरासारखं समजावलं.

"हे बघ, दोन चाकांची गाडी वळणावर कलते. ही कलनार नाय. उजवीकडं वळ, काय व्हत नाय. डावीकडं वळताना हौदा रिकामा असला तर हे चाक उचलनार, अन् तू रस्त्यात आडवा. हौद्यात पन्नासेक किलो कायम पायजे. माल इकून येताना रेतीची गोण टाकत जा."

"गोण कशाला?" अनिता म्हणाली. "मी बावन्न किलोची हाय. परवाच दुकानातल्या काट्यावर उभी राहिलेली. मीच बसते."

लतीफ हसला आणि म्हणाला, वहिनी बसत असतील तर मग प्रश्नच मिटला.

अशी त्यांची रीत पडली. जाताना माल हौद्यात, अनिता सखाच्या मागे. येताना मागची सीट रिकामी आणि अनिता हौद्यात, घडी घातलेल्या गोणपाटावर. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण मोटारसायकलवर ती मागे बसून जे बोलायची त्यातलं निम्मं वाऱ्यावर जायचं. आता ती त्याच्या डाव्या गुडघ्याशी बसायची आणि सगळं ऐकू यायचं. कुठल्या गिऱ्हाइकाने वालाचा दाणा चावून बघितला, कोण घासाघीस करून शेवटी न घेताच गेली, सगळं. डावं वळण आलं की ती न सांगता डावीकडे, हौद्याबाहेर झुकायची आणि चाक रस्त्याला धरून राहायचं. सखाला तो प्रवास फार आवडायचा. तसं त्याने तिला कधी बोलून दाखवलं नाही, कारण आपल्याकडे नवरे असलं बोलत नाहीत.

दोन वर्षं सुखाची गेली. मग गेल्या आषाढात, एका मंगळवारी, निडीच्या अलीकडच्या वळणावर चाक उचललं. फार नाही, बोटभर. पण सखाच्या हातांना ते हँडलमध्ये लगेच कळलं. दुसऱ्याच दिवशी दोघं लतीफकडे गेली. लतीफने दोरी लावून चाक तपासलं, गुडघे टेकून खालून बघितलं आणि म्हणाला, चाक एकदम बरोबर आहे. तरी दोस्ताच्या समाधानासाठी त्याने स्प्रिंग बदलून दिली.

त्यानंतर गणपतीचे दिवस आले. येताना पेणजवळच्या जिते गावातल्या कारखान्यांतून मूर्ती भरून रोह्याला पोचवायचं काम मिळालं. हौदा दोन्ही वेळा भरलेला, अनिता मागे, तिच्या मांडीवर एक छोटी मूर्ती रुमालात गुंडाळलेली. चाक गप्प राहिलं. सखा ज्याला त्याला सांगत सुटला, की लतीफच्या हातात जादू आहे.

चतुर्थी झाली, मूर्ती संपल्या, अनिता पुन्हा हौद्यात बसू लागली. आणि चाक पुन्हा उचलायला लागलं, या वेळी चांगलं दोन बोटं.

"लतीफ, चाकाचं काय खरं नाय," सखाने दुकानात शिरता शिरताच सुरू केलं.

"चाक माझं बरोबर हाय. तुला वजन कमी पडतंय."

"वजन कसं कमी पडंल? वजन तेच हाय. बाई तीच हाय."

अनिता बाकावर बसून लतीफच्या बायकोने, ताजुन्निसाने, आतून पाठवलेला चहा पीत होती. "व्हय, मी तीच हाय," ती म्हणाली आणि हसली. सगळेच हसले.

आता या दोन शहाण्यांना काय म्हणावं? एकाला लोखंडातला सुताचा फरक डोळ्यांनी दिसायचा. दुसरा भाताचा दाणा दाताखाली धरून ओल किती ते सांगायचा. आणि दोन हातांवर बसलेल्या बाईकडे दोघांपैकी एकानेही मान वळवून बघितलं नाही. दोघंही चाकाशी उकिडवे बसले आणि त्यांनी ते चार बोटं बाहेर सरकवलं.

ते तीन आठवडे पुरलं. दसऱ्याच्या आधी वळणावर चाक असं उचललं, की गाडी पलीकडच्या बाजूला ओढली गेली आणि समोरून येणाऱ्या डंपरच्या ड्रायव्हरने दोघांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या. सखाचं डोकं फिरलं. घरी न जाता तो तडक अष्टमीला गेला आणि दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना लतीफला नको नको ते बोलला.

"कुवेतला हेच शिकलास काय? माझी बायको बसते त्यात. तिला काय झालं तर तुला सोडनार नाय मी."

लतीफचा चेहरा उतरला. गाडी ठेव, तासाभराने ये, एवढंच म्हणाला. अनिताला बाकावर बसवून सखा नाक्यावर जाऊन चहावर चहा पीत बसला. तासाभराने गाडी मिळाली, आणि त्या दिवसापासून चाक उचललं नाही. एकदाही नाही. पंधरा दिवसांनी सखाला स्वतःची लाज वाटली. पायलीभर कोलम घेऊन तो लतीफच्या घरी गेला. लतीफ तांदूळ घेईना आणि डोळ्याला डोळाही देईना. सखाला वाटलं, अजून रुसलाय. तांदूळ उंबऱ्याशी ठेवून तो परत आला.

दिवाळीला वैशाली आली, सखाची मुलगी. तिला नाशकाला दिलेली, मागच्या उन्हाळ्यानंतर ती पहिल्यांदाच माहेरी येत होती. अनिता दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली, आणि वैशाली अंगणातच थांबली.

"आई, काय झालंय गो तुला?"

"काय व्हयाचंय? आत ये, जेव आधी."

"बाबा," वैशाली सखाकडे वळली. तिचा आवाज चढला होता. "तुम्हाला दिसत नाय?"

तेव्हा सखाने बघितलं. तिच्या गळ्याखालची हाडं बघितली, कोपरापर्यंत घसरत जाणाऱ्या बांगड्या बघितल्या, ब्लाउजच्या बाहीत तीनदा घातलेली टीप बघितली. रोज जिच्या हातचं जेवत होता, रोज जिला गुडघ्याशी बसवून आणत होता, ती बाई अर्धी झाली होती. माणूस रोज समोर असला की दिसत नाही, असं पुढे पुष्कळांनी त्याची समजूत घालताना म्हटलं. त्याला ते कधीच पटलं नाही.

पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात काट्यावर छत्तीस भरलं. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टर तरुण होता, कागदावर लिहिता लिहिता त्याने विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

वैशालीला काय माहीत असणार? अनिता खिडकीकडे बघत राहिली.

"आषाढापासून," सखा म्हणाला. "आषाढातल्या दुसऱ्या मंगळवारपासून. मग भादव्यात जास्ती. दसऱ्याच्या आधी लय."

डॉक्टरने लिहायचं थांबवून वर बघितलं. एवढं नेमकं त्याला कुणी सांगत नसे. आणि सखाला आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं. त्याला सगळं माहीत होतं. डॉक्टरच्या आधी, तिच्या पोटच्या पोरीच्या आधी त्याच्या हातांना ते कळलं होतं, आणि तीन वेळा त्याने त्यावर स्प्रिंग बदलून घेतली, चाक सरकवून घेतलं, दोस्ताला शिव्या दिल्या. आषाढात आणलं असतं तर, असं डॉक्टर काहीतरी म्हणाला. पुढचं सखाने ऐकलं नाही.

रात्री वॉर्डात त्याने तिला विचारलं, "तुला कळत व्हतं काय गो?"

"कळत व्हतं."

"मग?"

"वाल निघू देत, मग जाऊ म्हटलं. तुमी एकटं काय काय करनार?"

त्या वर्षीचे वाल तिने बघितले नाहीत. शेंगा भरायच्या आधीच, पौषाच्या सुरुवातीला, ती गेली.

दिवस झाल्यावर सखाने एका सकाळी हौदा धुवायला काढला. गोणपाट उचललं तर खाली कापडी पिशवी होती, आणि पिशवीत पाच-पाच किलोची तीन लोखंडी वजनं. तो ती हातात घेऊन तिथेच बसला. अनिताच्या तागडीला दोन किलोच्या वरचं वजन कधी लागलंच नव्हतं. तिचं माप पेणच्या बाजारात नावाजलेलं, काटा बघून वर चार दाणे टाकणारी बाई ती. तिने आयुष्यात एकदाच मापात पाप केलं ते नवऱ्याशी, आणि तेही असं हिशोबाने, की जेवढी स्वतः कमी होईल तेवढं लोखंड शेजारी ठेवत गेली. सखा ती पिशवी घेऊन अष्टमीला गेला.

लतीफने वजनं बघितली आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"लतीफ, एक सांग," सखा म्हणाला. "एकदाच सांग. चाकात खोट व्हती ना?"

तो हे मागायलाच आला होता. पिशवी हातात असूनही मागत होता. लतीफने नुसतं हो म्हटलं असतं तरी त्याला त्या रात्री झोप लागली असती. लतीफने तोंडावरून हात फिरवला.

"चाकात खोट नव्हती, सखा. तिसऱ्या येळी मी चाकाला हातच लावला नाय."

"म्हंजे?"

"तू नाक्यावर गेलास अन् वहिनी माझ्याकडं आल्या. म्हनाल्या, लतीफभाई, तुमचं काम चोख हाय. गाडी बरी झाली म्हनून सांगा, पुढचं मी बघते. ते तुमाला चार लोकांत बोलतात, मला बरं वाटत नाय. मग मी गाडी पुसली अन् तुला दिली."

"तू इचारलं नाय तिला? पुढचं कसं बघनार म्हनून?"

"नाय इचारलं." लतीफ म्हणाला. "माझी इज्जत राहिली, तेवढ्यातच मी खूश झालो."

सखाला वाटलं, याच्या तोंडात मारावी. हात उचलला गेला नाही. कारण त्याने तरी काय विचारलं होतं? दोघं त्याच बाकावर बसले, जिथे ती चहा प्यायली होती, आणि दोन म्हातारपणाकडे झुकलेले बाप्ये दुपारच्या उघड्या दुकानात हमसून हमसून रडले. ताजुन्निसा आतून आली आणि परत गेली.

बऱ्याच वेळाने लतीफ उठला. "ती वजनं दे इकडं. आनखी लोखंड घालून हौद्याखाली पक्कं करून देतो. एकट्याने जायचं तर वजन पायजे."

"नको."

"मरशील वळणावर."

"ती जागा मानसाची हाय," सखा म्हणाला आणि पिशवी घेऊन निघाला.

सखा अजून पेणला जातो. अनिताच्या जागेवर बसून वाल विकतो. जाताना हौदा भरलेला असतो, येताना रिकामा. पोपटने एकदा त्याला रेतीची भरलेली गोण आणून दिली, चांगल्या मनाने. सखाने ती न्हाणीघराशी ठेवली, पाय द्यायला. हौद्यात गोणपाटाची घडी तेवढी असते.

येताना डावं वळण आलं की तो गाडी बंद करतो, उतरतो आणि ढकलत वळण पार करतो. मागचे टेंपोवाले हॉर्न वाजवतात, पुढे जाताना काहीबाही बोलतात. तो ढकलत राहतो. वळण संपलं की परत सीटवर बसतो, आणि किक मारायच्या आधी मान वळवून डावीकडे, गुडघ्याशी, नीट बघून घेतो. आता रोज बघतो.