न विचारता लावलेली खिडकी

"थांब. जरा मागे घे," बाई म्हणाल्या.

मी फोनवरचं रेकॉर्डिंग मागे घेतलं. आधी माझा आवाज, मग खुर्ची सरकल्याचा, मग कडी लागल्याचा.

"हे काय वाजलं?"

"खिडकी लावली मी. काकूंना थंडी वाजत होती."

"त्या म्हणाल्या तसं?"

"नाही. पण खोकत होत्या."

"हं. पुढे ऐकू."

समुपदेशनाच्या कामात नव्या माणसाला एकटं सोडत नाहीत. कुणीतरी अनुभवी सुपरव्हायझर आपणच निवडायचा आणि दर आठवड्याला त्याच्यापुढे आपलं काम उघडून ठेवायचं. आमच्या केंद्रात असे दोघं होते. एक सर, ज्यांना सगळे 'शाबासकी' म्हणत. काकूंच्या परवानगीनं केलेलं हेच रेकॉर्डिंग त्यांनी पाच मिनिटं ऐकलं, "किती माया आहे गं तुझ्या आवाजात! ये माझ्याकडे, डोळे मिटून ये," म्हणाले आणि चहा मागवला. दुसऱ्या या बाई. यांचं नाव 'फौजदार'. दोघांनाही भेटायचा नियम होता म्हणून मी आले होते. मनातून सर ठरलेच होते. बाई नव्या माणसाचे क्लायंट काढून घेतात असं ऐकलं होतं; सरांकडे गेले की काकू माझ्याजवळ राहणार होत्या.

काकू माझ्या पहिल्या क्लायंट. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, मुलाकडे राहणाऱ्या. माझी आई गेली त्याच महिन्यात त्या पहिल्यांदा आल्या. दिसायला आईसारख्या मुळीच नव्हत्या. फक्त खोकून झालं की आईसारखंच "काही नाही, काही नाही" म्हणायच्या. मी मंगळवारची वाट कशी बघते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

रेकॉर्डिंग पुढे सरकलं.

"मुलगा-सून लाख चांगले आहेत हो," काकू सांगत होत्या. "शब्द काढायची गरज पडत नाही. काढलाच, तर तो कुणाला ऐकू मात्र जात नाही." मग हळूच म्हणाल्या, "हवा बरी येत होती."

मग माझा आवाज, मऊ, समजूतदार. "हो ना. आता बरं वाटतंय ना?"

"हो हो. काही नाही, काही नाही."

त्या बोलल्या तेव्हा मी समोरच बसले होते. घरी पुन्हा एकदा ऐकलंही होतं. तरी ते हवेचं वाक्य माझ्या कानावर आज पहिल्यांदा पडत होतं.

बाईंनी फोन बंद केला.

"थंडी कुणाला वाजायची?"

शेवटच्या वर्षात आईच्या खोलीची खिडकी आम्ही उघडलीच नव्हती. वारा लागला की तिला धाप लागायची. उठून कडी लावायला मला तिच्या सांगण्याची गरज उरली नव्हती.

"आईला," मी म्हटलं.

बाईंनी टिश्यूचा डबा पुढे केला नाही. त्याचं मला बरं वाटलं.

"मी तुला घेईन," त्या म्हणाल्या. "पण काकूंना दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. न विचारता काळजी घेणारी माणसं त्यांच्या घरी आहेत. तेवढी पुरेत."

"आणि मी सरांकडे गेले तर?"

"तर राहतील तुझ्याकडे. मी चुगली करायची नाही."

घरी बाबा ओट्यापाशी कप पुसत उभे होते.

"काय, शाबासकी की फौजदार?"

"तुम्ही कुणाकडे गेला असता?"

"मी? जिथं चहा मिळतो तिथं." पुसलेला कप ते पुन्हा पुसायला लागले. "दोघांपैकी रडवणारं कोण?"

"बाई."

"मग तिकडेच जा. या घरात आपण दोघंही फार शहाण्यासारखं वागतोय."

शेवटच्या मंगळवारी काकू यायच्या आधीच मी खिडकी सताड उघडली. काय सांगायचं ते बाईंबरोबर शब्द न् शब्द ठरवलं होतं. तरी काकूंनी "माझं काही चुकलं का हो?" असं विचारलं तेव्हा ते सगळं विसरले.

"तुमचं नाही. माझी आई गेली यंदा. मी तिलाच बघत बसले आणि तुमचं ऐकायचं राहिलं. त्या दिवशी तुम्हाला हवा हवी होती. मी खिडकी लावली."

"इश्श, एवढं काय त्यात," त्या म्हणाल्या. पण मग बराच वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. नंतर मुलाबद्दल बोलल्या, सुनेबद्दल बोलल्या. आपल्या खोलीचं दारसुद्धा आपल्याला उघडं ठेवता येत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज प्रथमच चढला. मी ऐकत होते. वारा थेट माझ्या पाठीवर येत होता.

वेळ संपली. काकूंनी पर्स खांद्याला अडकवली. दाराकडे निघाल्या आणि मध्येच वळून खिडकीपाशी गेल्या.

"अंगावर काटा आलाय तुमच्या."

मला विचारलं असतं, तर मी नको म्हटलं असतं. त्यांनी विचारलं नाही. कडी लागली. रेकॉर्डिंगमध्ये वाजली होती, अगदी तशीच.