शेवटचा ‘येतो’

अलकाताईंची पेटी बोलतेय मी. आवाज जरा घरघरतो आणि काळी चारची पट्टी मध्ये काही वर्षं माझ्या ताब्यात नव्हती. तेवढं चालवून घ्या.

जन्म माझा पुण्याचा. सागवानी अंग, पितळी कड्या आणि स्वभाव तिखट. ताईंचे यजमान श्यामकांत केंद्र सरकारात. त्यांची बदली झाली तशी मी सतरंजीत गुंडाळून दिल्लीला आले. सरकारी क्वार्टरात माझ्या डोक्यावर आधी फुलदाणी ठेवली, मग इस्त्रीचे कपडे. सपाट जागा दिसली की माणसांना राहवत नाही.

माझे दिवस पालटले एका कवितेमुळे. एका संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी कस्तुरबा गांधी मार्गावरून बस करून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर गेली. परतताना अलकाताईंनी तिळगुळाच्या पुडीच्या कागदावर चार ओळी खरडल्या.

पागोटं बांधलं, म्हणाला येतो.
टाच मारली, म्हणाला येतो.
वळणाआड झाला, म्हणाला येतो.
गेले सारेच, जातो कुणी म्हटलं नाही.

आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगणार! ‘येतो’ म्हणायचं, आणि दारातल्या माणसाने ‘ये’ म्हणायचं. त्या एका शब्दावर ताईंनी समूहगान बांधलं, माझ्यावरच. बायकांनी ओळ म्हणायची, पुरुषांनी ‘येतो’. शेवटी चोवीस गळे गप्प व्हायचे, आणि एकटे श्यामकांत काळी चारवर लांब ‘येतो’ लावून गटातून चालत दूर जायचे.

पहिला प्रयोग दिल्लीतल्या एका हॉलमध्ये झाला. लोकांना वाटलं, संक्रांतीचं गोड गाणं आहे. त्यांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. पण पुढच्या जानेवारीत काला अंबला धुकं असं होतं की हातभर पलीकडचं दिसेना. श्यामकांत गात गात त्यात शिरले. माणूस गेला, सूर तेवढा राहिला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग धुक्यातून हात चोळत स्वारी परत. “चहा आला का?”

तेव्हापासून दर वर्षी तेच. ‘येतो’, धुकं, चहा. त्या शेवटच्या ‘येतो’ला ताईंनी उत्तर मात्र लिहिलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “त्या बायकांनी ‘ये’ म्हटलंच असेल की. उपयोग झाला का?”

निवृत्तीनंतर आम्ही गुरुग्रामला मुलीकडे, रेवतीकडे आलो. चौदावा मजला. रेवतीची सृष्टी दिल्लीच्या पाण्यावर वाढलेली. शाळेला निघताना ओरडायची, “आजोबा, मी जाते!”

“परत बोल.”

“यार आजोबा! जातेय तर जातेच म्हणणार ना? येते तो उल्टा हुआ.”

“उलटंच आहे. म्हणून तर म्हणायचं.”

मग ती पाय आपटत ‘येते’ म्हणायची. मला हसू यायचं.

कोरोनाच्या जानेवारीत गाणं कॉम्प्युटरवर झालं. घराघरांतून ‘येतो’ वेगवेगळ्या वेळी आले. काही तर गाणं संपल्यावर आले. मला ते बरं वाटलं नाही.

एप्रिलमध्ये श्यामकांतांना धाप लागली. मोठ्या मुश्किलीने हॉस्पिटलात जागा मिळाली. गाडी खाली उभी, रेवती फोनवर, ताई आतल्या खोलीत कागद शोधताहेत, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. ते माझ्यापाशी थांबले. माझा भाता उघडला, काळी चारवर बोट ठेवलं. तोंडावर मास्क होता आणि गायला दम नव्हता. मी वाजले. तो ‘येतो’ होता.

विश्वास ठेवाल? विश्वास पानिपतात गेला असं आपण चेष्टेने म्हणतो. तरी ठेवा, ऐकणारी मी एकटीच होते.

ताई बाहेर आल्या तेव्हा ते दारात होते. धापा टाकत म्हणाले, “चलो... जातो.”

आणि ताईंनी उत्तर काय द्यावं? “आधार कार्ड घेतलंत का?”

लिफ्टचं दार मिटल्यावर त्यांना कळलं, काय ऐकलं आणि काय म्हणायचं राहिलं. सहाव्या दिवशी फोन आला. त्या रडल्या नाहीत. एकच वाक्य घोकत राहिल्या, “ते जातो म्हणाले गं रेवती, आणि मी टोकलंसुद्धा नाही.” जन्मभर दुसऱ्यांना टोकणारी बाई ती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण कुणी हात लावल्याशिवाय मला वाचा कुठली!

त्या दिवसापासून माझी ती पट्टी सुटेना. भात्यात हवा भरली की काळी चार आपोआप वाजायची. ताईंनी मला झाकलं, गटासाठी दुसरी पेटी नेऊ लागल्या. शेवटचा ‘येतो’ त्यांनी कुणालाच दिला नाही. काला अंबला तेवढा वेळ सगळे गप्प उभे राहायचे.

यंदा सृष्टी हट्टाला पेटली. “आजोबांवाली पेटी ले चलते हैं ना, आजी. मी पण येणार.” दुरुस्तीला चिराग नावाचा कारागीर आला. त्याने मला उघडलं, पुसलं, पट्टी खालीवर करून पाहिली. “माताजी, खराबी कुछ है ही नहीं. फिर भी बज रहा है.” त्याने घाईघाईत स्क्रू आवळले आणि चहाही न घेता निघून गेला.

काला अंबला धुकं तसंच होतं. गाणं झालं. ‘जातो कुणी म्हटलं नाही’, आणि सगळे गप्प. ताईंनी माझ्यावरचे हात काढले. पण भात्यात हवा उरली होती. काळी चार वाजत राहिली. ताई पांढऱ्याफटक पडल्या.

आणि सृष्टीने तो सूर उचलला. कुणी सांगितलं नव्हतं. गटातून बाहेर पडून ती धुक्यात चालू लागली आणि गायली, “येते...”

‘येते’! शब्द चुकला होता. कवितेत ‘येतो’ आहे, शिपायाचा शब्द. पण सृष्टी मुलगी. ती आपली ‘येते’च म्हणणार. आजोबांनी शिकवलं होतं तसंच. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. ताई चूक दुरुस्त करणार म्हणून मी जीव मुठीत धरला.

सृष्टी दिसेनाशी झाली. सूर मात्र दोन होते. एक मुलीचा, दुसरा माझा म्हणावा, तर माझा भाता केव्हाच रिकामा झाला होता. धुक्यात पावलंही मला एकापेक्षा जास्त माणसांची ऐकू आली.

ताईंचे ओठ हलले. मग इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. “ये,” त्या म्हणाल्या. “ये हो. सावकाश ये.” आणि चोवीस माणसांसमोर त्या ढसाढसा रडल्या. ते ‘ये’ नातीला होतं की आणखी कुणाला, मी विचारलं नाही.

थोड्या वेळाने सृष्टी हात चोळत धुक्यातून आली. ती याआधी कधीच तिथे आलेली नव्हती.

“चहा आला का?” तिने विचारलं.

आता पट्टी सुटली आहे. भाता भरला तरी काळी चार गप्प असते. सुटका झाली की बरं वाटेल अशी माझी समजूत होती. नाही वाटत. श्यामकांतांचं बोट गेलं ते गेलंच. सृष्टी रोज अर्धा तास बसते, बेसूर गाते, आणि माझ्या डोक्यावर मोबाईल ठेवते.

तुमच्या दारातून कुणी निघालं तर आधार कार्डाचं नंतर विचारा. आधी ‘ये’ म्हणा.

ताई झाकण लावताहेत. येते मी.