टिल्लूचं हसू

"गेला! परत ट्रकखाली गेला!" मी म्हणाले. "या पोरांना रस्ता ओलांडायला कुणी शिकवतच नाही का रे?"

रेकॉर्डिस्ट फिसकन हसला. दिग्दर्शकाने नुसतं नाक मुरडलं. पडद्यावर ट्रकखाली गेलेला शाळकरी मुलगा डोळे चोळत उठला, तो थेट दुसऱ्या जगात. तिथे त्याला आयती तलवार मिळाली, मागे मागे फिरणाऱ्या तीन मुली मिळाल्या आणि बोट दाखवलं की डोंगर फुटेल अशी ताकद मिळाली. परीक्षेत नापास होणाऱ्याला मेल्यावर एवढं मिळणार असेल, तर अभ्यास करायचा कुणी?

आमच्या डबिंग स्टुडिओत ही पद्धतच आहे. अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचा नवा सीझन आला की आवाज देणाऱ्या सगळ्यांनी एकत्र बसायचं, पहिले भाग मूळ भाषेत ओळीने बघायचे आणि प्रत्येक भाग संपला की मनात येईल ते बोलून टाकायचं. त्यावरून कुणाला कोणतं पात्र ते ठरतं, असं म्हणतात. ठरलेलं सगळं आधीच असतं. आम्ही आपले बिनखिडकीच्या खोलीत कोंबड्यांसारखे बसतो आणि गार चहा पितो.

दुसऱ्या मालिकेत एक मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. बघतच होती. वाऱ्याने केस तेवढे उडत होते.

"यात एक काव्य आहे, मावशी," दिग्दर्शक म्हणाला.

"काव्य कसलं डोंबलाचं! चित्रं काढायचा कंटाळा आलाय मेल्यांना. एक काढलं आणि नुसते केस हलवले."

तिसऱ्यात एक राक्षस किराणा दुकान चालवत होता. त्यातल्या त्यात तो बरा, निदान कामधंदा तरी करत होता. पण त्याच्याही दुकानात तीन मुली होत्याच. काउंटरवर बसून लाजत होत्या. माल कोण भरतं देव जाणे.

हा दिग्दर्शक मला मावशी म्हणतो आणि बोलतो असा, जणू मी त्याच्या शिकवणीला बसलेय. हनुवटीवर चार केस राखलेत, त्यांना दाढी म्हणतो. त्याच्या आधीचे इथले दिग्दर्शक कुरकुरे होते, पण त्यांना कान होते.

मी लहान मुलांचे आवाज काढते. वय झालंय, जिने चढताना गुडघे वाजतात, पण गळ्यात अजून दहा वर्षांचा पोरगा आहे. खऱ्या पोरांना घेऊन चालत नाही. ती कंटाळतात, नाक ओढतात, आणि मालिका अर्ध्यावर असताना त्यांचा आवाज फुटतो. म्हणून कार्टूनमधली कार्टी आमच्यासारख्या बायकाच बोलतात. त्यातला माझा खास टिल्लू. त्याचं मूळ नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून स्टुडिओत सगळे त्याला टिल्लूच म्हणतात. दीपगृहात एकटा राहणारा पोरगा, बाप समुद्रावर गेलेला, धुक्यातून भुतं येतात आणि हा दिवा विझू देत नाही. आठ वर्षं मी टिल्लू बोलतेय.

टिल्लूचं हसू मी घातलंय. मूळ भाषेत तो नुसता खी खी करतो. माझा टिल्लू आधी अडतो, श्वास गिळतो, आणि मग फुटतो. ते हसू माझ्या मुलाचं आहे. तो लहानपणी असाच हसायचा. पुढे त्याचा आवाज फुटला आणि ते हसू घरातून गेलं. आता तो दुसऱ्या शहरात असतो. फोन केला की "हां, बोल" म्हणतो, आणि मी बोलायला लागले की "बरं, ठेवतो" म्हणतो. घरी आला तरी कानात इयरफोन. त्याचं हसू मला इथे माइकपुढेच तेवढं भेटतं. म्हणून मी ताप असला तरी कामावर येते, हे कुणाला सांगितलेलं नाही.

"आता टिल्लू," दिग्दर्शक म्हणाला आणि घसा खाकरला. मी सावरून बसले.

पडद्यावर दीपगृह आलं. खाली अक्षरं आली, रेकॉर्डिस्टने वाचून दाखवली, "सहा वर्षांनंतर." मग कड्यावर एक ताडमाड उंच इसम दिसला. काळा लांब कोट, केस डोळ्यांवर, चेहरा असा की सकाळपासून पोट साफ नाही.

"हा कोण वाळका बांबू?" मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. बांबू वळला आणि विहिरीतून बोलल्यासारखा बोलला. मला ती भाषा येत नाही, पण त्याने स्वतःचं म्हणून सांगितलेलं टिल्लूचं मूळ नाव कळलं.

"मावशी, मी सांगणारच होतो," दिग्दर्शक म्हणाला.

"कधी? पोस्टर लागल्यावर?"

"टिल्लू मोठा झालाय ना आता. पण तुमच्यासाठी आहे रोल. दीपगृहात मांजर आहे. फार गोड कॅरेक्टर आहे."

"बोलतं?"

"बोलत नाही. पण एफर्ट्स भरपूर आहेत."

एफर्ट्स म्हणजे आमच्या धंद्यात शब्दांवाचूनचे आवाज: धापा, कण्हणं, दचकणं. आठ वर्षं दिवा सांभाळला आणि शेवटी हातात काय, तर म्यांव! पण या दाढीवाल्यासमोर मी डोळ्यांतून टिपूस काढणार नव्हते.

कोपऱ्यातून एक तरुण उठला. मी त्याला वायरिंगवाला समजत होते. गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा थर्मास.

"हा नवा टिल्लू," दिग्दर्शक म्हणाला. "मावशी, याला तेवढं हसू देऊन जा. जाहिरातीचा तुकडा आजच जायचाय, त्यात तो हसतो."

हीसुद्धा पद्धत आहे. पात्राचा आवाज बदलला की जुन्याने नव्याला हसू द्यायचं. शब्द कुणाच्याही तोंडून खपतात, पण लोक ओळखतात हसण्यावरून. मला सुरुवातीला एका म्हाताऱ्या बाईंनी एका खारीचं हसू दिलं होतं, त्यामुळे मलाही आता नाही म्हणता येत नव्हतं.

"काकू, मी पात्राच्या आत उतरून काम करतो," पोरगा म्हणाला.

"उतर. पण पाणी किती आहे ते बघून उतर."

काचेच्या खोलीत आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो, दोन माइक, दोन हेडफोन. मी ठरवून टाकलं होतं. देणार नाही. माझ्या लेकराचं हसू या मफलरवाल्याच्या गळ्यात घालायला मी काय वेडी आहे? मी साधं, बाजारी हा हा हा केलं. कुठे अडले नाही, श्वास गिळला नाही. पोराने तसंच केलं.

"वा! परफेक्ट!" काचेपलीकडून दिग्दर्शक ओरडला. "हेच! अगदी हेच! मावशी, सुटलात तुम्ही."

कान आहेत की भजी? इतकी वर्षं जीव तोडून जे केलं, ते आणि हे याला सारखंच! रेकॉर्डिस्टने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं, पण तो मान खाली घालून बटणांशी चाळा करत बसला. मी हेडफोन काढला, पर्स उचलली. हसू माझ्यापाशीच राहिलं होतं. मी जिंकले होते आणि मला भडभडून येत होतं.

"काकू," पोरगा हळूच म्हणाला. "हे ते नाही."

"काय ते नाही?"

"ते आधी अडतं. मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. मला जमत नाही, पण हे ते नाही एवढं कळतं." त्याने मफलर सोडला. "तुम्हाला द्यायचं नसेल तर नका देऊ. त्यांना हेही चालतंय, मी साधंच हसेन. पण हे तुमचं आहे असं सांगून दुसरं देऊ नका."

पकडलं मला. इतक्या माणसांत याने पकडलं. माझा संताप झाला, त्याच्यावर आणि माझ्यावरही. एक थोबाडीत द्यावी असं वाटलं. पर्स घेऊन निघून गेले असते तर कुणी अडवणार नव्हतं. पण मग ते हसू माझ्याबरोबर घरी येऊन करणार काय होतं? भिंतींना ऐकवणार?

मी पर्स खाली ठेवली, हेडफोन परत चढवला.

"हसू नकोस," मी म्हणाले. "तिथेच चुकतोस. आमचा मुलगा पडला ना, की रडायचं की हसायचं ते त्याचं ठरत नसे. तो आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. मी घाबरले नाही असं दिसलं की मग हसायचा. तेवढं बघणं कर, आणि मग हस."

"कुणाकडे बघू?"

"कुणाकडे काय, माझ्याकडे बघ!"

त्याने बघितलं. श्वास गिळला, अडला, आणि फुटला.

आवाज जाड होता, पुरुषाचा होता. पण हसू तेच होतं. मोठा झालेला माझा मुलगा खळखळून हसला तर कसा हसेल, ते मी कधी ऐकलंच नव्हतं. ते आज ऐकलं, कुणा परक्याच्या तोंडून. मी भिंतीला हात टेकला.

"मघाचाच टेक चांगला होता," दिग्दर्शक म्हणाला.

"गप रे!" रेकॉर्डिस्ट म्हणाला. इतक्या वर्षांत तो कुठल्याच दिग्दर्शकाला कधी असं बोलला नव्हता. मग त्याने माझ्या हेडफोनमध्ये हळूच विचारलं, "मावशी, आता टेक घेतोय. तुमचा माइक चालू ठेवू?"

"नको," मी म्हणाले. "बंद कर."

माझ्या माइकवरचा लाल दिवा गेला. पोराने माझ्याकडे बघितलं. मी घाबरले नाही असं तोंड केलं, आणि तो हसला.