चवळीखाऊ कोण?

आमच्या सेगू गावात कुलिबाली कुळातला कुणी रस्त्याने निघाला की समोरून येणारा केता कुळातला हमखास ओरडतो, "काय रे चवळीखाऊ, आज किती टोपल्या संपवल्यास?" कुलिबालीने तिथल्या तिथे परतफेड करायची, "चवळीखाऊ तू, आणि वर माझा चाकर!" आमच्या दोन कुळांमधलं हे थट्टेचं नातं बापजाद्यांपासून चालत आलेलं आहे. त्यात राग धरायचा नाही. जो रागावला तो हरला, आणि त्याच्याबरोबर त्याचं कूळही.

मी सितान, जन्माने कुलिबाली, आणि मला दिली कुठे, तर केतांच्या घरात. आमच्याकडे बाई लग्नानंतरही बापाच्याच कुळाचं नाव लावते, त्यामुळे चवळी माझ्यामागून सासरी आली. धाकट्या दिराला, नणंदांना मी तोडीस तोड उत्तर देत असे. पण मोरिबाभाऊजी माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, घराचे कर्ते, सासऱ्यांच्या जागी. त्यांना पाणी द्यायचं ते गुडघे टेकून, नजर जमिनीवर ठेवून. ते मला येता-जाता चवळीखाऊ म्हणत आणि मी निमूट ऐकून घेई. एक कुलिबाली केताचं ऐकून घेते! माहेरी कळलं असतं तर वडिलांनी मला उंबऱ्यात पाय ठेवू दिला नसता.

आमचं अंगण म्हणजे नुसता लाल मुरूम. कुदळ मारली तर खणकन आवाज यायचा. वारा सुटला की धूळ थेट जेवणाच्या परातीत. शेवटी भाऊजी वैतागले आणि त्यांनी सिमेंटची पोती आणून ओसरीवर रचली.

"सगळं अंगण गुळगुळीत करून टाकतो," ते म्हणाले. "कटकटच मिटेल."

शेतं गावाबाहेर, नवऱ्याच्या कुळाची. त्या अंगणाखेरीज मला हात घालायला दुसरी माती नव्हती. मी लहानपणापासून मातीत वाढलेली बाई, आणि इथे कालवणात घालायचा पालासुद्धा बाजारातून आणत होते. पण सांगणार कुणाला? माझ्या वतीने सुंगालो, माझा नवरा, भीत भीत बोलला, "दादा, एक पावसाळा तिला करून बघू दे."

भाऊजी मोठ्याने हसले. "कुलिबाली अंगणात काय लावणार? चवळी! लाव गं बाई. पाऊस संपला की मात्र सिमेंट."

मी खरोखरच चवळी लावणार होते. त्या मुरमात दुसरं जगणार काय? बायकांच्या गटात शहरातून आलेल्या बाईंनी या पद्धतीला पर्माकल्चर असं लांबलचक नाव सांगितलं होतं. माझी आई त्याला मातीला जेवू घालणं म्हणायची. मी आळी खणली, त्यात बकऱ्यांच्या लेंड्या, चुलीची राख, भाज्यांची देठं, बाजरीची चिपाडं भरली. वर बाजरी टोकली, बाजरीच्या पायाशी आईकडची चवळी, कडेने अंबाडी आणि भेंडी. भांडी विसळलेल्या पाण्याचा मी एक थेंबही वाया जाऊ दिला नाही. मावा पडला तेव्हा कडूनिंबाचा पाला ठेचून पाणी शिंपडलं.

चवळीने आधी जमीन झाकली. सावली मिळाली तसा ओलावा टिकू लागला. मग ती बाजरीवर चढली. एक रोप उपटून बघितलं तर मुळांना बारीक बारीक गाठी, आणि मुळांबरोबर चक्क काळी माती आली! मी ती मूठभर माती नाकाशी धरली आणि मला रडूच फुटलं.

शेजारची तेनिन कोपऱ्यावर चवळीची भजी तळते. तिने येऊन बघितलं आणि तोंडात बोट घातलं. "अगं, ही हिरवी भिंत कधी उभी राहिली?"

एवढं होऊनही पोती ओसरीवरच होती. आणि शेंगा धरल्या तशी चोरी सुरू झाली. मला आधी बकरीचा संशय आला, पण बकरी वेल ओरबाडते. पोरं देठासकट उपटतात. इथे नेमक्या कोवळ्या शेंगा तेवढ्या नखाने खुडलेल्या, आणि शेजारचं फूल जसंच्या तसं. चोर चवळीतला जाणता होता.

मी घरात विचारलं तर सगळ्यांत आधी भाऊजींचाच आवाज चढला. "चोर शोधताय कशाला? या घरात चवळीखाऊ एकच आहे! स्वतःच खाते आणि स्वतःच बोंब मारते!" सगळं घर खदाखदा हसलं. मी मान खाली घातली. आतून मात्र नुसती धुमसत होते.

पाऊस सरला. एका दुपारी गवंडी मोजमाप घ्यायला आला. ङ्गोलो त्याचं नाव. कडूनिंबाखाली चहा उकळत होता, शेजारीपाजारी जमले होते, तेनिनही आली होती.

"मोठे मालक कुठायत?" ङ्गोलोने विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. त्याने टेप काढला, एक टोक सुंगालोच्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन बाजरीची ताटं बाजूला सारली. मग तो तसाच थबकला.

"अरे देवा," तो म्हणाला. "सापडले."

आम्ही सगळे धावलो. वेलांच्या मागे, सावलीत, मोरिबाभाऊजी उकिडवे बसले होते. दोन्ही गाल फुगलेले, दाढीत हिरवी शीर अडकलेली, मुठीत कोवळ्या शेंगा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच!

सुनेने अशा वेळी नजर फिरवायची असते. मी फिरवलीसुद्धा. फिरवली ती नेमकी ओसरीवरच्या पोत्यांवर पडली. आणि माझी मान आपोआप वर झाली.

"भाऊजी म्हणून मी काही पाहिलं नाही," मी म्हणाले. "पण केता! ए केता! माझ्या चवळीत काय करतोस?"

सुंगालोने डोळेच मिटून घेतले. भाऊजींनी घास गिळला, दाढी पुसली.

"तण... तण बघत होतो."

"तण दाढीत उगवलंय वाटतं!" तेनिन म्हणाली, आणि जो हशा उसळला तो पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला.

ङ्गोलोने टेप गुंडाळून खिशात टाकला. "मीपण कुलिबालीच आहे हो, मालक. चवळीवर सिमेंट ओतलं तर मेल्यावर बापजादे मला दारात उभं करतील का? आणि सांगा बघू, तुमची आई कुणाची लेक?"

भाऊजी उठून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "कुलिबालींची." हातातल्या शेंगांकडे बघत ते पुढे बोलले, "तिच्या शेतात अशाच उभ्याउभ्या खायचो. ती गेल्यापासून कोवळी शेंग जिभेला लागली नव्हती."

माझा राग तिथेच विरघळला. पण हक्क सोडायचा नव्हता.

"बोल, चवळीखाऊ," ते म्हणाले. आता तेही हसत होते. "तोंड बंद ठेवायचं काय घेशील?"

"तोंड तर मी बंद ठेवणारच नाही. आख्ख्या सेगूला सांगणार आहे. मला अंगण हवं."

"आणि माझ्या सिमेंटचं काय करू? कालवणात घालू?"

"पावसाचं पाणी साठवायला टाकी बांधा. चवळीला लागेल."

"बघितलंत?" ते सगळ्यांकडे वळून ओरडले. "चाकरांना एक शेंग मागितली तर घर मागतात! ङ्गोलो, टाकीचं माप घे. चांगली मोठी बांध." लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या संध्याकाळी तेनिनने माझ्याच चवळीची भजी तळली आणि एका केताने चारचौघांत मागून मागून खाल्ली.

ती टाकी आता काठोकाठ भरते आणि अंगणात मुरूम शोधून सापडत नाही. भाऊजींना मी अजूनही गुडघे टेकून, नजर जमिनीवर ठेवून पाणी देते. पाण्याच्या भांड्याशेजारी मूठभर कोवळ्या शेंगा ठेवते.

"कुलिबाली, हे काय?" ते दरडावून विचारतात.

"खा, केता," मी म्हणते. "माझ्या अंगणातल्या आहेत."