भिंतीमागची भेग

उधाणाच्या भरतीत खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी मालूच्या चुलीपर्यंत आलं. नवरा कान्हू रोह्याच्या कंपनीत कामाला होता. "आता पेण सोडू, तिकडंच घर बघू," तो म्हणाला.

त्याच्या शिफ्टमधल्या दिनानाथने डोंगराखालचं, तो राहायचा त्याच्या शेजारचं आपलं रिकामं घर दाखवलं. "नदी लांब हाय. इथं पूर येणार नाय."

घर नव्यासारखं, भाडं कमी. कान्हू खूश झाला. मालूला मात्र मागचं दार लावता येईना. चौकट तिरपी झाली होती. ती मागे गेली. उतारावर आडवी भेग पडली होती, वरून माती लोटून बुजवलेली.

"हे काय?"

"उन्हाळ्यात जमीन फाटतेच, वहिनी."

"आधी कोण राहायचं इथं?"

"गेले ते गावाला," म्हणत दिनानाथ कुलूप लावायला वळला.

मग त्यांनी रोह्यापलीकडच्या नदीकाठच्या अष्टमी गावात गिरजाबाईंची खोली पाहिली. विजेचा मीटर पार छताला टेकवलेला.

"पाणी येतं का हो?" मालूने विचारलं.

"येतं की." गिरजाबाईंनी कमरेला हात लावून पाणी कुठवर येतं ते दाखवलं. "पण नदी चढताना दिसते. सामान माळ्यावर टाकायचं नि शाळेत जायचं."

बाई इतकं खरं का बोलते? आपल्यासारखी खारेपाटातली, खाडीकाठची माणसं नको असतील हिला, असं मालूला वाटून गेलं. तरी तिने तीच खोली धरली. कान्हू वैतागला. "पुरातून उठून पुरातच?"

"पाणी सांगून येतं. डोंगराचं मला कळत नाय."

श्रावणात कुंडलिका नदी चढली. सामान माळ्यावर टाकून दोघं सकाळीच शाळेत पोचली. तिथं एका वर्गात दिनानाथ बायकोसोबत अंथरुणं पसरत होता.

"तुमच्याकडं पूर येत नाय ना?" मालूने त्याला विचारलं.

तो चादरीच्या घड्या मोडत राहिला. बायकोच बोलली, "पूर नाय गो. पण पाऊस लागला की आमी तिकडं निजत नाय. मागची दरड कधी खाली येईल, काय भरवसा?"

"आणि शेजारचं घर? जे आमाला देत होता?"

"ते दिलं एका जोडप्याला."

"ती कुठं हायत?"

"तिथंच," बायको म्हणाली. मालूने कान्हूकडे पाहिलं. त्याने छत्री उचलली, दिनानाथला दंडाला धरून उठवलं आणि दोघं पावसात बाहेर पडले.

दुपारी ते जोडपं भिजून वर्गात आलं. मालूने आपली चटई सरकवून त्यांना जागा केली. दरड त्या वर्षी आली नाही. तरी मालू पुन्हा दिनानाथशी बोलली नाही.