माझा जन्म एकतीस जूनचा

मी एक जुना पिकअप ट्रक आहे आणि गेल्या महिन्यात मला भंगारात काढण्यात आलं. हुकूम निघाला, सही झाली, शिक्का बसला. मित्रांनो, हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही तसंच समजतो. आज सकाळी मी गुलाबाची एकशेवीस रोपं आणि खताची सहा पोती ओढली. भंगारात काढलेला कोणी एवढं काम करत नाही.

तर सुरुवातीपासून सांगतो.

तुमचा जन्म एका दमात झाला असेल. आमचा तुकड्यातुकड्यांनी होतो. आधी फाउंड्रीत इंजिनाचा ठोकळा ओततात. वाळूच्या साच्यात लालभडक लोखंड पडतं, थंड होतं आणि साच्यात बसवलेली तारीख त्याच्या पाठीवर उमटते. ती लिहिण्याची रीत ठरलेली: आधी महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, असं करत जूनला एफ. बाकीचं वर्ष लोकांच्या लक्षात राहीलच, असा त्यांचा समज होता. माणसांचा स्वतःच्या स्मरणशक्तीवर फार विश्वास असतो.

आमच्या फाउंड्रीत दिवसाचा आकडा बदलायला एक माणूस होता आणि महिन्याचं अक्षर बदलायला दुसरा. आकडेवाल्याला रोज काम, अक्षरवाल्याला महिन्यातून एकदा. यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. जून संपला त्या सकाळी अक्षरवाला दाढदुखीने घरी बसला. आकडेवाल्याने नेहमीप्रमाणे तीस काढला आणि एकतीस बसवला.

"अरे, जूनला एकतीस तारीख असते का?" मुकादमाने विचारलं.

"ते महिनेवाल्याला विचारा. माझ्याकडे तीसनंतर एकतीस येतो."

"मग बोलाव त्याला."

"आमचं बोलणं नाही."

मुकादम जुलैचं अक्षर शोधून आणेपर्यंत एक ठोकळा ओतून झाला होता. तो मी. पाठीवर ठसठशीत: एफ ३१ ६. मला परत वितळवायचं ठरलं होतं, पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. मोठमोठी माणसं अशीच वाचतात.

जुलैच्या मध्यावर मला चेसिस, चाकं, दारं आणि मागचा हौदा मिळाला. दाराच्या खांबावर पत्र्याची पट्टी रिवेट मारून बसवली. तिच्यावरचा क्रमांक म्हणजे आमची कुंडली. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचं अक्षर कारखान्याचं, मग मॉडेल, आणि शेवटी त्या वर्षी मी कितवा ते; त्यावरून गाडी बनल्याचा आठवडाही काढता येतो. मी चार हजार दोनशे सतरावा होतो. माझ्या पुढच्याला आणि मागच्याला कोणी विचारत नाही.

मित्रांनो, मी विटा वाहिल्या, बर्फ वाहिला, एकदा एक पियानो आणि तो वाजवणारा असे दोघेही वाहिले. सहा मालक झाले. सातवा रोपवाटिकेवाला. त्याच्या हाताला माती असायची आणि तोंडात शिवी नसायची. तो गेला तेव्हा सगळ्यांनी त्याच्या बायकोला सांगितलं, ट्रक विकून टाक. तिने आठ दिवस ऐकून घेतलं आणि नवव्या दिवशी माझ्या स्टिअरिंगवर बसली. शेजाऱ्यांच्या कुंपणाची भिंत तिने माझ्याकडून एकाच जागी तीनदा पाडली. शेवटी शेजाऱ्यांनी तिथे फाटक बसवलं. आता ते म्हणतात, फाटक फार सोयीचं झालं.

तिला तिचा धाकटा दीर वहिनी म्हणतो, म्हणून सगळा रस्ता वहिनीच म्हणतो. हा दीर, म्हणजे भावोजी, गॅरेज चालवतो. माझी नस न् नस त्याला ठाऊक. वहिनीची रोपं बाजारात न्यायला दुसरं वाहन नाही आणि दुसरं घ्यायची तिची इच्छाही नाही. "ह्यांचा हात लागलेलं एवढंच चालतं-फिरतं उरलंय," असं ती एकदाच बोलली, तेही टायरमध्ये हवा भरताना, मला ऐकू जाणार नाही अशा बेताने. मला ऐकू गेलं.

मग नियम आला. फार जुन्या गाडीने एक तर वारसा-वाहनाचा दाखला घ्यावा, नाहीतर भंगारात जावं. दाखल्यासाठी एकच कसोटी: पट्टीवरचा क्रमांक आणि इंजिनावरची तारीख जुळली पाहिजे. इंजिन गाडीच्या आधी ओतलेलं हवं, आणि फार आधीही नको. म्हणजे ते मूळचंच आहे हे सिद्ध होतं.

भावोजी रॉकेलचा डबा, तारेचा ब्रश आणि दाढीचा आरसा घेऊन माझ्याखाली शिरला. साठ वर्षांचं काळं ग्रीस निघालं. आरशात बघत त्याने ते आकडे बोटाने पुन्हा चाचपले.

"वहिनी, जूनला दिवस किती असतात?"

वहिनीने मूठ वळली आणि बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजले. "तीस. का हो?"

"तुमचा ट्रक ऐकत नाहीये."

बाकी सगळं तंतोतंत होतं. वर्ष जुळत होतं, कारखाना जुळत होता, गाडी इंजिनानंतर दोन आठवड्यांनी बनली होती. फक्त मी ज्या दिवशी ओतला गेलो तो दिवस झालाच नव्हता.

दाखल्याच्या कचेरीतले तपासनीस साहेब भले होते. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं, पँटला ग्रीस लावून घेतलं आणि खिडकीशी जाऊन तारीख संगणकात घातली. संगणकाने ती बाहेर टाकली. तीनदा घातली, तीनदा टाकली.

"बाई, हे यंत्र एकतीस जून घेत नाही."

"मग यंत्र दुरुस्त करा. आमचं चालतंय."

"तीस लिहू का?"

"लोखंडावर एकतीस आहे."

"तेच तर! कागदावर तीस आणि लोखंडावर एकतीस म्हणजे खाडाखोड. मग माझ्यावर येतं."

महिन्याची मुदत मिळाली. त्या संध्याकाळी भावोजीने छिन्नी काढली. "वहिनी, एक टोला. एकतीसातला एक उडवतो. तीन जून होईल, चोख. कुणाच्या बापाला कळणार नाही."

मित्रांनो, खरं सांगतो, माझ्या रेडिएटरमधलं पाणी थिजलं. जगायचं तर पाठीवरचा एक आकडा द्यायचा होता. पुष्कळांनी याहून जास्त दिलं आहे. पण मी त्या दिवशी ओतला गेलो होतो. भट्टी पेटली होती, लोखंड लाल होतं, आकडेवाल्याचं बोट भाजलं होतं. दिनदर्शिकेला हे पटत नसेल तर तो तिच्या घरचा प्रश्न आहे.

वहिनीने छिन्नी हातात घेतली, तिची धार पाहिली आणि परत दिली.

"भावोजी, तुमच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख काय?"

"एक जून."

"आणि जन्मलात कधी?"

"आई म्हणायची, कडाक्याच्या थंडीत."

"मास्तरांनी अंदाजाने टाकली. त्या खोट्या तारखेवर तुम्ही लग्न केलंत, गॅरेज काढलंत. आणि याची खरी आहे म्हणून छिन्नी लावताय? ठेवा ती."

"अहो, मग भंगारात जाईल तो!"

"जाईल तर अख्खा जाईल."

मुदत संपली आणि हुकूम आला. वहिनीने मला धुतलं, टाकी भरली आणि स्वतः चालवत भंगारवाड्यात नेलं. वाटेत गिअर एकदाही करकरला नाही. क्रेनचा आकडा माझ्या टपावर आला. तेवढ्यात वाड्याच्या कारकुनाने नष्ट केल्याचा दाखला बनवायला घेतला. त्यालाही जन्मतारीख लागत होती.

"हे घेत नाही हो," तो म्हणाला. "यंत्र म्हणतंय असा ट्रक बनलाच नाही."

"मग?" वहिनी म्हणाली.

"बनला नाही तो मोडता कसा येईल? नोंद झाल्याशिवाय क्रेन हलवली तर माझी नोकरी जाईल. घेऊन जा बाई याला."

ती मला घेऊन आली. घरी पोचल्यावर इंजिन बंद न करता बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. मी हसतोय की रडतोय हे तिला कळू दिलं नाही. माझा आवाज दोन्हीला सारखाच येतो.

आता मला रस्त्यावर बंदी आहे. रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत रोपं मी नेतो, फाटकापुढे भाड्याचा टेम्पो. टेम्पोवाला मला 'आजोबा' म्हणतो. मी त्याला काहीच म्हणत नाही. वहिनीला रोज त्याची वाट पाहत उभं राहावं लागतं, ते मात्र मला सोसत नाही.

म्हणून मित्रांनो, जुन्या लोखंडावरची तारीख ब्रशने घासावी, छिन्नीने नव्हे. आणि संबंधित खात्यास माझा अर्ज पुढीलप्रमाणे:

अर्जदार सन्मानाने सादर करतो की, अर्जदाराच्या जन्मवर्षातील जून महिन्यास पूर्वलक्षी प्रभावाने एक दिवस वाढवून मिळावा. सदर दिवशी इतर कोणीही काहीही केल्याची नोंद नसल्याने कोणाची गैरसोय होणार नाही. पूर्ण दिवस देणे शक्य नसल्यास सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंतचा मंजूर व्हावा. अर्जदाराचे तेवढ्यात भागते.